हात न लावता वाजणारी पेटी

अंबडच्या स्टँडसमोर तातेरावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तीन मैलांवरच्या त्याच्या गावात शाळेचे चेअरमन काकासाहेब यांची हार्मोनियम होती. आता या दोहोंचा काय संबंध, म्हणाल! तर पेटीचा भाता फाटला, सूर बसला, की ती तातेरावाकडं यायची. तिच्या पोटात तातेरावाची बोटं फिरलेली चालायची. त्यानं पेटी वाजवलेली चालायची नाही. काम झालं, की एकेक पट्टी दाबून दाखवायची नि हात आवरायचा.

"मी जातपात मानीत न्हाई बरं का, तात्या," काकासाहेब म्हणायचे. "पेटीच नाजूक हाये. दुसऱ्याचा हात तिला सोसत न्हाई."

वा गं बाई पेटी! तातेरावाच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, देशात कायदे झाले, तरी ही लाकडी बया आपली सोवळ्यातच. आणि तातेरावाला तर एकच ध्यास होता: शाळेच्या गॅदरिंगला, साऱ्या गावादेखत, ती पेटी वाजवायची. दरवर्षी विचारायचा आणि दरवर्षी तिचा नाजूकपणा आडवा यायचा.

चौऱ्याहत्तर साली त्याला नवा नाद लागला. दोन रेडिओ शेजारी ठेवून काटे जुळवले, की एकातून शिट्टी निघते. सगळे मेकॅनिक तिला शिव्या घालतात. तातेरावाच्या ध्यानात आलं, की हात जवळ नेला तर शिट्टी चढते, लांब नेला तर उतरते. झालं! त्यानं दोन्ही खोकी उघडली, वर पितळी सळई बसवली आणि तीन महिने हवेत हात हलवत बसला. गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं.

"अंगात आलं का काय तुमच्या?" बायको गिरिजाबाई कावली. "माशा हाकलून राह्यलात जणू!" पण एक दिवस त्यानं यंत्र घरी आणलं, सळईपाशी हात नाचवला आणि त्या शिट्टीतून जात्यावरची ओवी निघाली. गिरिजाबाई सोबत गुणगुणायला लागली. तिची आई गायची ती ओवी.

काकासाहेबांच्या कानावर गेलं. "हात न लावता वाजतंय? मंग तर लईच बेस! गॅदरिंगला बराबर आण. तहसीलदार येऊन राह्यले."

गॅदरिंगला स्टेजवर एका बाजूला हार्मोनियम, दुसऱ्या बाजूला तातेरावाची खोकी. माणूस जवळ आलं की यंत्राचा सूर बिघडायचा, म्हणून त्यानं सगळ्यांना दहा पावलं लांब बसायला सांगितलं. एरवी त्याच्यापासून लांब बसा म्हणून कुणाला सांगावं लागत नव्हतं. ओवी सुरू झाली. शेंगा खाणारी तोंडंसुद्धा थांबली. तहसीलदारांनी टाळ्या वाजवल्या, मग गावानंही वाजवल्या.

काकासाहेब माईकसमोर उभे राहिले. "याला म्हणतात प्रगती! कुणी कशाला हात लावायची गरजच न्हाई. विज्ञानानं समतेचा प्रश्न बिलकुल मिटवून टाकला!" आणि हार घेऊन ते तातेरावाकडं निघाले. सळईजवळ पोचले मात्र, यंत्रानं असा टाहो फोडला की हार खाली आणि काकासाहेब दोन हात मागं.

"बिघडलं का काय रे?"

तातेरावाचं डोकं तडकलं. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. "बिघडलं न्हाई, काकासाहेब. माणूस जवळ आलं की कोकलायचं, ही त्याची खोडच हाये. ती त्यानं आपल्या गावाकडूनच उचलली."

मागच्या बाजूनं हशा उसळला. तहसीलदारांनी तोंडाला रुमाल लावला.

"अन् प्रश्न मिटला म्हणता, तर मंग हीबी वाजवून बघतो," असं म्हणून तातेराव चालत गेला आणि हार्मोनियमपुढं मांडी घालून बसला. काकासाहेबांनी तोंड उघडलं, पण समतेचं भाषण होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. तोंड मिटलं.

तातेरावानं तीच ओवी धरली. पहिली ओळ पार घसरली. दुसरी जराशी सावरली. तिसऱ्या ओळीला तहसीलदारांनी मान डोलावली, तशी काकासाहेबांनाही डोलवावी लागली.