इनेसच्या चेहऱ्याची फरशी

व्हॅलेन्सियातल्या थोरामोठ्यांना तेव्हा एक खूळ लागलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतींवर रंगीत फरशा लावायच्या आणि त्यांवर घरचीच नोकरमाणसं, मासळी, लिंबं, मांजरं काढून घ्यायची. तीही अगदी खऱ्याएवढी! नोकरांना पोटभर भात मिळो न मिळो, भिंतीवर मात्र ती गुबगुबीत दिसली पाहिजेत. मालकीण दोन्या होसेफाबाईंनीही फरशा सांगितल्या, आणि चॉकलेटचं तबक धरलेली मोलकरीण म्हणून स्वयंपाकीण तेक्लाच्या पोरीला, इनेसला उभं केलं.

रंगारी पास्कुआलने अंग नेहमीच्या कागदावरून उतरवलं. सुईने भोकं पाडलेला कागद फरशीवर ठेवायचा, त्यावर कोळशाची पूड आपटली की आकृती उमटली. चेहरा तेवढा त्याने पोरीकडे बघून थेट फरशीवर काढला.

"हलू नकोस गं! नाक वाकडं झालं तर जन्मभर तसंच राहील."

"राहू दे. आईचंही वाकडंच आहे," इनेस म्हणाली. तेक्लाने तिच्यावर पळी उगारली.

भाजण्याआधी ते रंग म्हणजे नुसता राखाडी चिखल, काही ओळखू येत नव्हतं. पण भट्टी पेटायच्या आत भातखाचरांकडचा हिवताप घरात शिरला आणि आठ दिवसांत इनेस गेली. सतरा वर्षांची पोर हो! तेक्ला तिसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. भट्टी उघडली की पोर दिसेल, या एकाच आशेवर.

भट्टी उघडली. बाकी फरशा ठणठणीत. चेहऱ्याची तेवढी तडकलेली, रंग ओघळून डोळे कुठे नि तोंड कुठे.

"पुन्हा काढ," तेक्ला म्हणाली.

"कशावरून काढू, तेक्लाबाई? कागदात चेहरा नाही. तुम्ही सांगा, मी काढतो. डोळे कसे होते?"

"काळे."

"काळे सगळ्यांचेच असतात. बारीक की मोठे? भुवया जुळलेल्या?"

तेक्लाला पोरीची चाल आठवली, खोकला आठवला, केसांचा वाससुद्धा आठवला. भुवया काही आठवेनात. सतरा वर्षं पोर डोळ्यांसमोर होती, पण कामातून मान वर काढून तिच्याकडे बघितलं कुणी?

"चांगल्या होत्या," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली.

होसेफाबाई वैतागल्या. "संत होसेच्या सणाला माझ्याकडे पाहुणे येणार! नव्या पोरीला उभं करा आणि मिटवा एकदाचं."

नवी पोर सालवादोरा, गालाला खळी पडणारी. भिंत वेळेत उभी राहिली, पाहुण्यांनी वाहवा केली. "मावशी, मी किती छान दिसते ना?" ती विचारायची. तिचा बिचारीचा काय दोष! तेक्ला हं म्हणायची आणि रोज ती भिंत पुसायची. चूल नेमकी समोर. नजर टाळणार तरी किती?

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तिने देवळात मेणबत्ती लावली आणि पोरीला आठवायला डोळे मिटले. तबक घेतलेली सालवादोरा समोर आली, हसत. तेक्लाने डोळे आणखी गच्च मिटले. पुन्हा तीच. इनेसला खळी पडायची की नाही, तेही आता तिला धड सांगता येईना.