एकतीस भिंतींवरचा गोविंदा

देवीलाल पेंटरला अक्षरं उत्तम जमत, चेहरे जमत नसत. माणूस समोर बसवला तरच त्याच्या हातून माणसासारखं काही उतरे. म्हणून २००४च्या मे महिन्यात घाटंजी तालुक्यातल्या पिंपळदरीला बाबाराव गावंडे यांच्या गोदामाची भिंत रंगवताना त्याने गोविंदा नगराळेला समोरच्या दगडावर बसवलं. 'चंद्रबोंड' नावाच्या कपाशीच्या बियाण्याची जाहिरात होती. कंपनीने नमुना म्हणून दिलेल्या छापील कागदावर शहरातला एक गोरा माणूस फेटा बांधून हसत होता. देवीलालने तो कागद दोनदा पाहिला आणि घडी करून खिशात घातला.

गोविंदा बाबारावांकडे सालदार होता. वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. एकोणीस वर्षं एकाच मालकाकडे. स्वतःचं वावर नाही, घराभोवती चार हात अंगण. पण दात सरळ होते, मिशी भरघोस होती, आणि सांगितलं तर तो हलत नसे. डोक्याला फेटा हवा होता, तो बाबारावांनी आतून आणून दिला.

"हास ना गोविंदाभाऊ," देवीलाल म्हणाला.

"कायले?"

"एकरी चौदा क्विंटल झाला तुले."

गोविंदा हसला. ते हसू भिंतीवर आलं. शेजारी टोपलीएवढं पांढरं बोंड, खाली 'एकरी चौदा क्विंटल. माझा अनुभव, तुमचा विश्वास.'

पुढे प्रत्येक गावात गोविंदाला नेणं शक्य नव्हतं. देवीलालने त्या चेहऱ्याचा मोठ्या कागदावर खाका काढला, रेघांवरून सुईने भोकं पाडली. कागद भिंतीला लावायचा, वरून गेरूची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्याठिपक्यांनी गोविंदा तयार. पावसाच्या आधी तो घाटंजीपासून नेरपर्यंत एकतीस भिंतींवर हसत होता.

इथपर्यंत यात गोविंदाचा काही दोष नव्हता. दोष पुढे आला, आणि तो त्याने स्वतः कधी नाकारला नाही.

या भागात माणूस शब्द देतो तो तोंडाने. कागदावर सही करणारा नामानिराळा राहू शकतो. तोंड दाखवून बोलणारा बांधला जातो. भिंतीवरचा माणूस खरा आहे, पिंपळदरीचा आहे, हे कृषी केंद्रांतून पसरलं, तेव्हा लोक त्याला भेटायला येऊ लागले. पेरणीला महिना होता. नेरकडच्या एका तांड्यावरून भीमसिंग राठोड दोन एसट्या बदलून आला. गोविंदा गोठ्यात शेण भरत होता. भीमसिंगने त्याला ओळखलं आणि हात जोडले.

"पाटील, तुमचं वावर पाहाले आलो."

गोविंदाला आयुष्यात कोणी पाटील म्हटलं नव्हतं. त्याने हात धुतले. भीमसिंगला बाबारावांच्या वावरात नेलं, काळी माती मुठीत घेऊन दाखवली, बांधावरचे पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळल्या झाडांचे ढीग दाखवले. चौदा खरंच झाला का, या प्रश्नाला "हाव" म्हणाला. बाबाराव वावरातच बाजेवर बसून पाहत होते. त्यांनी मध्ये एक शब्द टाकला नाही. पाहुणा गेल्यावर पोट धरून हसले. "गोविंद्या, मालक तू, आन् मी कोन बे?"

असे आठ-दहा जण आले. सगळ्यांना त्याने वावर दाखवलं. बायको सत्यशीला रोज सांगे, "तुमी लोकाईले काहून फसवून राह्यले?" तो म्हणे, "कंपनी खोटं बोलन का?" त्याला तसं खरोखर वाटत होतं की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला. पानं लाल झाली, बोंडं सुपारीएवढी राहिली. पुढच्या वर्षीही तेच. त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात रोज कशासाठी छापून येई, ते पुन्हा सांगायला नको. भीमसिंग पहिल्याच दिवाळीनंतर परत आला. भांडला नाही. दारात बसला, पाणी प्याला.

"तू सांगतलं म्हणून पेरलं," म्हणाला. "पाटील म्हनलो तुले मी."

मग उठून गेला. त्याच हंगामात तो बायकामुलांसह ऊस तोडायला घाट उतरला, असं नंतर कळलं.

बियाणं कंपनीचं, पण कंपनी कोणी पाहिली नव्हती. तोंड गोविंदाचं होतं. बसथांब्यासमोरच्या गोदामावर ते रोज दिसे. पोरांनी डोळ्यांवर शेण मारलं. पेरणीला निघालेली बंडी त्या भिंतीपुढून नेऊ नये असं ठरून गेलं, आणि भिंतीचा नियम हळूहळू माणसालाही लागला. तो वावरात आला की लोक तिफण थांबवत. बाबारावांनी स्वतः चंद्रबोंड पेरलं होतं, खोटं डोळ्यांदेखत घडत असताना. गुढीपाडव्याला त्यांनी गोविंदाचं साल नवं केलं नाही.

"कंपनीनं तुले देल्लंच असन," ते म्हणाले. "बस खात."

कंपनीने त्याला काही दिलं नव्हतं. हे तो ज्याला त्याला सांगत राहिला. मग सांगणं सोडून त्याने दुसरं काम हाती घेतलं. देवीलालकडून भिंतींची यादी घेतली, आणि २००६च्या उन्हाळ्यात नवराबायको चुना आणि कुंचा घेऊन गावोगाव निघाले. स्वतःचं तोंड स्वतः पुसायचं. घरमालकांनी तऱ्हा केल्या. कुणी चहा दिला. कुणी कुत्रं सोडलं. एका गावात म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एकच बाजू काहून? चारी कर, घरी लगन हाय." त्यांनी चारी बाजू केल्या. जून उजाडेपर्यंत तीस भिंती पांढऱ्या झाल्या.

एकतिसावी बाबारावांची. त्यांनी हात लावू दिला नाही. "राहू दे. गावाले याद राहीन."

ती भिंत असेपर्यंत पिंपळदरीत त्याला काम मिळणार नव्हतं. घर सत्यशीलेच्या निंदणी-वेचणीवर चाललं.

२००७च्या दिवाळीनंतर गावात एक जीप आली. यवतमाळच्या रस्त्यावरची बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी बाहेरच्या एका संस्थेने घेतली होती. तिथे समकालीन कलेचं केंद्र होणार होतं. कापसातून सरकी काढणारे रेचे हलवलेल्या दालनांत चित्रं लागणार होती, आणि 'लोकसहभाग' म्हणून गोधडीचे वर्ग, शाळांच्या सहली, गावांच्या भेटी असा कार्यक्रम आखला होता. त्याचं काम पाहणारी वैष्णवी पुण्याची होती. कापसाच्या जाहिरातींच्या भिंती ती तालुकाभर शोधत हिंडत होती, आणि सगळीकडे तिला चुना भेटत होता. गोदामासमोर ती बराच वेळ उभी राहिली. बाबारावांनी भिंत देणगी म्हणून दिली.

भिंत जाणार हे कळलं त्या संध्याकाळी गोविंदाने सत्यशीलेला सांगितलं, "सुटलो."

गिलावा सोलून काढायला दोन कारागीर आले. चित्रावर डिंकात भिजवलेलं कापड चिकटवायचं, वाळू द्यायचं, मग मागून पातळ पात्याने गिलावा अलगद सोडवायचा. गोविंदा न बोलावता मदतीला गेला. तीन दिवस पाणी आणलं, फळ्या धरल्या, मजुरी घेतली नाही. तोंडाला दुपट्टा होता. उन्हात सगळ्यांच्याच असतो. एका कोपऱ्यात तडा होता, तेवढा भाग तिथेच सुटून पडला. त्यावर 'देवी आर्ट, घाटंजी' असं लिहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला त्याने दुपट्टा सोडला. वैष्णवीने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवर अजून उरलेल्या चेहऱ्याकडे.

"काका, हे तुम्ही आहात?"

"मी होतो. मॅडम, तिकडं नेऊन फोडान ना हे?"

"फोडू कशाला? आता हे शंभर वर्षं टिकेल."

गोविंदा खाली बसला. म्हणाला, "मंग एक करा. बाजूले लिवा, का हा मानूस शेतकरी नव्हता. सालदार होता. वावर त्याचं नव्हतं, कंपनीनं त्याले काई देल्लं नाई. इतलंच लिवा." वैष्णवीने ते वहीत उतरवून घेतलं. वाचूनही दाखवलं. तिच्या मनात काही खोट नव्हती.

उद्घाटन जानेवारीत झालं. केंद्राने पिंपळदरीला बस पाठवली होती. बाबारावांना पहिल्या रांगेत जागा, शाल आणि नारळ. गोविंदा आणि सत्यशीला आत गेले तेव्हा समोरच्याच दालनात तो होता, वरून दिवे सोडलेले, डोळ्यांवरचं शेण कारागिरांनी कापसाच्या बोळ्याने साफ केलेलं. देवीलालने ऑइल पेंट वापरला होता, रंग उडाला नव्हता. बाजूला पाटी होती. सत्यशीला सातवी शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं:

"अज्ञात शेतकरी. २००४. गिलाव्यावर तैलरंग. श्री. बाबाराव गावंडे यांच्या सौजन्याने."

वैष्णवी धावत आली. पाट्या मुंबईहून आधीच छापून आल्या होत्या. "पुढच्या छपाईत नक्की बदलू, काका. आज तुम्ही स्वतःच सांगा ना. माइकवर."

हे त्याला पाटीपेक्षा बरं वाटलं. बसभर गाव समोर होतं, दुसऱ्या गावांचेही लोक होते. त्याला तिसऱ्या पाहुण्यानंतर बोलावलं. तो माइकपासून दूर उभा राहिला. कुणीतरी त्याला पुढे सरकवलं.

"मी शेतकरी नाई," तो म्हणाला. "मले वावर नाई. मी सांगतलं ते खोटं होतं."

एवढं म्हणून तो थांबला. पुढचं, सालदारकीचं, कंपनीचं, त्याने पाठ करून ठेवलं होतं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवरचे काही उभे राहिले. अध्यक्षस्थानच्या पाहुण्यांनी त्याचा हात हातात धरला आणि माइक घेतला. म्हणाले, जमीन गेलेला शेतकरी स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यायलाही कचरतो, या एका माणसाने तीन वाक्यांत सगळी शोकांतिका सांगितली. पुन्हा टाळ्या. गोविंदाला शाल दिली, एक पाकीट दिलं, आणि पायऱ्यांवरून खाली उतरवलं.

परतीच्या बसमध्ये मागून आवाज आला, "पाकिटात काय हाय गोविंदा?"

"पाह्यलं नाई."

"पाह्य ना मंग. आमालेबी कळू दे, तोंडाचा भाव काय निंघाला."

हशा झाला. त्याने पाकीट फोडलं. आत आभारपत्र होतं, जाड कागदावर. ते बसभर फिरलं. बाबारावांनी उलटंसुलटं करून परत दिलं.

"आंदी काढून घेतलं असन," ते म्हणाले. "पहिल्याबारी कंपनीकून खाल्लं, आता यायच्याकून. बरं हाय बुवा. आमचं तोंड कोनी इकत घेत नाई."

"मालक, तुमाले तं सारं मालूम हाय," गोविंदा म्हणाला. "ते लोक वावर पाहाले येत, तवा तुमी तिथंच बसून होते."

बाबारावांनी आपल्या शालीची घडी घातली. बसमधल्या कुणीही ते वाक्य उचललं नाही. इतके दिवस गावाकडे फक्त संशय होता. आता शाल होती, पाकीट होतं, डोळ्यांनी पाहिलेल्या टाळ्या होत्या. त्या हंगामाच्या उरलेल्या वेचणीला सत्यशीलेलाही कोणी हाक मारली नाही.

केंद्रातून दोनदा निरोप आला. दर शनिवारी शाळांच्या सहली येतील, काकांनी भिंतीजवळ बसून मुलांशी बोलावं, मानधन मिळेल. दोन्ही वेळा गोविंदाने निरोप्याला एकच विचारलं: पाटी बदलली का. पहिल्या वेळी बदलली नव्हती. दुसऱ्या वेळी निरोप्याला कुठली पाटी ते माहीत नव्हतं.

फाल्गुनात दोघं झरी जामणीकडे गेले. सत्यशीलेची बहीण नलू तिथल्या एका जंगलगावात राहते. तिकडे देवीलालचा खाका पोचला नव्हता. नलूने त्यांना बांबूच्या डेपोवर नेलं. मुकादम माणसं घेत होता. काहींना तोडीला धाडायचं होतं, काहींना त्याच्या स्वतःच्या शेतावर, वरचढ मजुरीने. त्याने गोविंदाचे हात पाहिले.

"हात तं शेतीचे दिसते. वावरातलं काम येते?"

सत्यशीलेने नवऱ्याकडे पाहिलं. वीसेक वर्षं त्याने नांगरलं होतं, पेरलं होतं, डवरलं होतं. तालुक्यात त्याच्या नांगराइतकी सरळ रेघ कोणाची पडत नसे.

"नाई," गोविंदा म्हणाला. "शेतीतलं मले काई समजत नाई."

मुकादमाने त्याला तोडीच्या रांगेत उभं केलं.