जमिनीतनं आलेली फूट

माझा थोरला भाऊ कुंडलिक. आमी दादा म्हणायचो. दादा जाऊन आज बावीस दिवस झाले आन मला घरात बसवत न्हाई. म्हणून त्याच्या गुलाबाचं सांगते.

आमी पेठ गावचे. दादा द्राक्षाची छाटणी करायचा. नारायणगावच्या बागांत त्याच्या कात्रीला मान व्हता. तो कापायचा आन मी मागनं फडक्यानं काडीला पेस्ट लावत जायची. तवा कलमाच्या बागा नव्या आल्या व्हत्या. खाली जंगली खुंट, वर चांगली जात. खुंटाला जमिनीतनं फूट आली की दादा ती बुडातनं उपटायचा. म्हणायचा, "कुशे, ही फुकट खाणारी."

दोन हजार दोन साल आसंल. नारायणगावला टोमॅटोची खोकी करणारे मेहबूबभाऊ, राहायला जुन्नरला. त्यांची बायको बिबिजान वारून चार वर्सं झाली व्हती. तिची परसात गावठी गुलाबाची तीन झाडं. तिच्यामागं कुणी हात लावला नव्हता. नुसता काट्यांचा गुंता, फूल एक न्हाई. मेहबूबभाऊ म्हणाले, "कुंडलिकभाऊ, बरसीला कबरीवर तिच्याच झाडाचं फूल ठेवायचंय. बघा काय व्हतंय का."

पाऊस उघडल्यावर आमी गेलो. दादानं वाळकं लाकूड करवतीनं काढलं, गुंता मोकळा केला, कापल्या जागी शेण लावलं. आन जमिनीतनं आलेली हिरवीगार फूट बुडातनं उपटली. एक बी ठेवली न्हाई. मी तिचीच मोळी बांधली, घरी न्यायला. घरी कोंबड्या कोथिंबीर उकरायच्या, वाफ्याभवती रवायला काटेरी काड्या बऱ्या.

मेहबूबभाऊंची बहीण अफिफा चहा घेऊन आली आन बघतच राहिली. "हे काय केलं, भाऊ? भाभीनं फांदी मातीत दाबून झाडं केली व्हती. कलम कुठंय ह्यात? खालनं येतं तेच गुलाब."

दादानं चहा घेतला न्हाई.

तवापास्नं त्याला चैन न्हाई. एक दिवसाआड जीप धरून जुन्नर. बोटानं माती बघायचा, नखानं काडी खरडायचा, आतनं हिरवी हाय का. जेवता जेवता उठायचा. मेहबूबभाऊ म्हणायचे, "इतकं तर कुणी लेकीच्या सासरी बी जात न्हाई, राव." दादा हसायचा न्हाई. दिवाळीनंतर दोन झाडं वाळली. संक्रांतीला तिसरं.

"बाईची शेवटची खूण व्हती," दादा म्हणाला. "मी उपटली."

त्याच आठवड्यात मी कोथिंबीर खुडाया गेले. वाफ्याच्या कडंला तीन काड्यांना पानं. बारकी, तांबूस. मी हाक मारली. दादा उकिडवा बसला, लई येळ हात लावला न्हाई.

"कुणी रवल्या?"

"मी. कोंबड्यांसाठी."

"उलट्या न्हाई रवल्यास, नशीब."

त्या बरसीला फूल मिळालं न्हाई. काड्या मुळं धरूस्तवर दादानं पाण्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई. मग पावसाळ्यात डालग्यात घालून, मांडीवर धरून जुन्नरला नेल्या. पुढल्या बरसीला अकरा फुलं निघाली. मेहबूबभाऊ म्हणाले, "आता तरी निवांत बसा." पण दादा आठ दिवसाला जायचाच. शेवटपत्तुर, सहा वर्सं गेला.

ह्या साली छाटणीच्या तोंडावर दादाच्या छातीत कळ आली, बागेतच. दहाव्याला मेहबूबभाऊ आले व्हते. जाताना म्हणाले, "झाडं लई वाढलीत, कुशाबाई. दुसऱ्या कुणाला सांगू वाटंना."

काल मीच जुन्नरला गेले, दादाची कात्री घेऊन. वाळकं काढलं, शेण लावलं. मधल्या झाडाच्या बुडाला आंगठ्याएवढी लालसर फूट आली व्हती. इतकी वर्सं बागंत बघून बघून माझा हात आपसूक तिच्याकडं गेला. धरली बी व्हती. मग सोडली.

आता घरी आलेय तर तेच डोक्यात. धरताना बुडातनं हलली तर नसंल? उद्या सकाळची जीप धरते आन बघून येते.