जिथं खुरपं चाललं नाही

देवराव गेल्याची खबर आली तवा मी लकडगंजात ठेल्याच्या दांडीले लटकून होतो. माल मांगं जास्त भरला होता, तर दांडी वर गेली अन् दांडीसंगं मीबी. पाय जमिनीपासून हातभर वर, अन् मी धुनं वाळत घातल्यावानी लोंबकळून राहिलो. बजार सारा हासून राहिला. तेवढ्यात देवरावच्या शेजारचा सायकलवर आला अन् खालूनच म्हने, "गनपत, देवराव गेला गा." मी वरूनच इचारलं, "कुठं?" … इतका मी हुशार. तो नुसता सायकल धरून उभा राहिला. मंग दोघा-तिघांनी दांडी खाली ओढून मले जमिनीवर ठेवलं. तवा मले समजलं, कुठं गेला ते.

मले लिहिता येत नाही. मी बोलून राहिलो अन् ज्या दुकानाचा माल मी वाहतो तिथले दिवानजी पेपरात द्याले लिहून राहिले. ते म्हने, बोली सुधारून घेऊ का? मी म्हनलं, राहू द्या, मानूसच सुधरला नाही तर बोली सुधरून काय करता? अन् पेपर म्हंजे काय चीज हाय ते मले बराबर माहीत हाय. मी अन् देवरावनं मिळून जितके पेपर मातीत घातले तितके कोनी वाचले नसतीन.

देवराव सिविल लाइनीतल्या एका बंगल्यावर माळी होता. राहे आमच्याच ओळीत, भितीले भीत लागून. त्याले एकच लेकरू झालं, पोरगी. बेबी म्हनत. भितीले धरून चालाले लागली होती, अन् ताप आला, अन् गेली. मी तवा काटोलले संत्र्याच्या पेट्या उचलाले गेलो होतो. वापस आलो तर घर चुप. इतक्या लहान लेकराले आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. वस्तीमांगच्या मसनघाटावर, पार कोपऱ्यात, बाभळीच्या तिकडं, लेकरांची जागा हाय. नाव नाही, गाव नाही. दगड ठेवला तर लोक चुलीले घेऊन जातात. बायका घाटावर जात नाहीत, म्हनून सुभद्रावयनीनं, म्हंजे त्याच्या बायकोनं, ती जागा कवा पाह्यलीच नाही.

त्या साली दिवाळी झाल्यावर देवराव मले पह्यल्यांदा तिथं घेऊन गेला. बाभळीपासून पावलं टाकत गेला अन् एका जागी उभा राहिला. घाटावर खोदनारा एक म्हातारा होता, त्याले म्हने, "बाबा, इथं दुसरं कोनी खोदन तर नाही ना?" म्हाताऱ्यानं चिलीम बाजूले केली अन् म्हने, "मले का वाचता येते भाऊ, का कोनाचं कुठं हाय? जिथं गवत माजलं ती जागा मी रिकामी समजतो. साफ दिसली का समजतो, इथं कोनाचं येनं-जानं हाय." बस, तवापासून देवरावच्या डोक्यात एकच. त्या कोपऱ्यात गवत दिसलं नाही पाहिजे.

अन् गवत कसं? गाजरगवत तवा नवीन आलं होतं, रेशनच्या लाल गव्हासंगं आलं म्हनत. पन खरा दुश्मन मोथा. वरून उपटला का खाली गाठ राहते, अन् एकाचे चार होऊन येतात. मी म्हनलं, "अबे, तू माळी, खुरपं घे अन् गाठीसकट काढून फेक. मले काय इचारतं?" तो माह्याकडं पाहत राहिला. म्हने, "खुरपं कसं चालवू गा? खाली पोरगी हाय."

मले कोनत्याबी गोष्टीवर चावट बोलता येते, मयतीतबी. त्या दिवशी मी पायातले जोडे काढून हातात घेतले.

मंग त्यालेच सुचलं. बंगल्यातली रद्दी पावसात भिजली होती, ती यानं मांगच्या लानीच्या गवतावर तशीच टाकून ठेवली. मंग कवातरी उचलली तर खालचं गवत पिवळंपांढरं, मेलेलं. खोदलं नाही, उपटलं नाही, नुसतं उन्ह दिसू दिलं नाही तर मेलं. धावतच आला माह्याकडं. "गनपत, तू सदर बजारात माल टाकतं ना? रिकामे खोके आनशीन का?" मी म्हनलं, "खोकेच काय, दुकानदाराले इचारून दुकान आनतो." दुसऱ्या दिवशी साबनाचे, बिस्कुटाचे, जोड्याचे इतके खोके डोक्यावर आनले का पुढचं दिसेना, अन् सरळ शेजारच्या घरात घुसलो. तिथली म्हातारी नाहून राहिली होती. तिनं पानी फेकलं, खोके वाचवले मी अन् पानी सारं माह्यावर.

देवराव दारात बसे अन् एकेक खोकं उकलून सपाट करे. पकडीनं त्याच्या पिना काढे. एक पिन सोडत नव्हता. काढून चहाच्या डब्यात टाके. मी म्हनलं, "अबे, मातीतच घालाचे हाय ना, पिना काहून काढून राहिला?" म्हने, "टोचन ना."

पह्यले पेपर बालटीत बुडवून वल्ले करायचे, एकाचा काठ दुसऱ्यावर चढवायचा, फट ठेवायची नाही. त्याच्यावर पुठ्ठे. त्याच्यावर तनीस, म्हंजे धानाचा पेंढा, चांगली वीतभर. देवाचा फोटो असलेला पेपर देवराव बाजूले ठेवे, त्याच्यावर पाय पडू नये म्हनून. मलेबी ते काम दिलं होतं. एक दाढीवाला बाबा पाह्यला, मी हात जोडले, पेपर कपाळाले लावला अन् अलग ठेवला. देवरावनं पाह्यलं. म्हने, "त्याच्या हातात बिडी हाय ना बे. जाहिरात हाय ते."

एकदा उन्हाळ्यात बालटीच आनाले इसरलो. म्हनजे मीच इसरलो, अजून कोन इसरन? म्हनलं, कोरडेच टाक, काय होते? टाकले. वावटळ आली, अन् सारे पेपर उडाले. तिकडून कोनाची तरी मयत येऊन राहिली होती. मी धोतर धरून पेपरांमांगं, पेपर मयतीमांगं, अन् एक पान सरळ तिरडीवर जाऊन बसलं. मी ते उचलाले गेलो तर खांदा देनारा वरडला, "काहून बे, मेलेल्याले बातम्या वाचाले देतं का?" देवराव हासला. लेकरू गेल्यापासून पह्यल्यांदा हासला. पोट धरून खाली बसला… अन् बसल्या बसल्या हासन्याचा आवाज बदलला. मी पेपर गोळा करत राहिलो. लागत नव्हते तेबी गोळा केले.

पन मोथा कोनाले आयकते? गाजरगवत मेलं, हरळी मेली. मोथा पावसात पुठ्ठा नरम झाला का सुईवानी भोक पाडून वर येई. देवराव त्याच्यासमोर उकिडवा बसे अन् एवढंच म्हने, "आला." मंग त्याच्यावर अजून एक पुठ्ठा. बेबी असती तर सासरी गेली असती, इतकी वर्सं आमी हेच केलं. त्यानं केलं. मी खोके वाहले अन् चुका केल्या.

औंदा त्याची छाती बसली. खाटेवरून उठेना. पावसाळा लागाच्या आधी मले म्हने, "तू जाशीन ना गा?" मी छाती ठोकून म्हनलं, "जाईन." अन् तिसऱ्या दिवशी माह्याच ठेल्याचं चाक माह्याच पायावरून गेलं. लोकांच्या पायावरून दुसऱ्याची गाडी जाते. झालं, भितीच्या अल्याड मी खाटेवर, पल्याड तो. पानी लागून राहिलं होतं. मी आवाज दिला का तो खोकत खोकत म्हने, "मोथा आला असन." माह्याशी बोललेलं त्याचं तेच शेवटचं. पाय टेकाले लागला तसा पह्यल्याच दिवशी मी ठेल्यावर गेलो, अन् त्याच दिवशी तो गेला.

त्याले जाळून झाल्यावर मी लंगडत कोपऱ्यात गेलो. बाभूळ कोनी तोडून नेली होती. सारं कमरेइतलं हिरवं. दोन-तीन जागी नवी माती दिसली, ताजी खोदलेली. खोदनाऱ्या म्हाताऱ्यालेबी जाऊन वर्सं झाली, आता दुसराच मानूस हाय. त्याले काय इचारू? मी इकडं उभा राहिलो, तिकडं उभा राहिलो… इतकी वर्सं खोके वाहले अन् मले जागा सांगता येईना.

तेरवी झाल्यावर वयनीनं बोलावलं. दारात सपाट केलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच, सुतळीनं बांधलेला. मी त्याच्यावरच बसलो.

"भाऊजी, जागा पाह्यली?"

मी इकडचं तिकडचं काढलं. पाय ठनकते, चहा मांडा. तिनं पुन्हा इचारलं. मी म्हनलं, "नाही सापडली वयनी. सारं सारखंच हाय."

मले वाटलं रडन. रडली नाही. पदराचं टोक बोटाले गुंडाळत म्हने, "त्यांलेबी नव्हती सापडली."

"काय म्हनता?"

"पह्यल्या पावसाळ्यात ते घाटावर गेलेच नाही. पायच उचलत नव्हते. दिवाळीले गेले तर सारं गवत. दोन दिवस जेवले नाही. मंग म्हने, बाभळीपासून अंदाजानं धरतो. म्या म्हनलं, धरा."

माह्या तोंडातून निघून गेलं, "म्हंजे इतकी वर्सं आपन कोनाची जागा…"

"कोनाचं तरी असन ना लेकरू. रिकामी जागा कुठं हाय तिथं?" असं म्हनून ती उठली, चहा मांडला. अन् चुलीकडं तोंड करून म्हने, "आपल्या बेबीवर गवतच होतं, भाऊजी. पह्यलेपासून."

मी चहा पेलो. साखर घालाची राहिली होती, मी सांगतलं नाही. निघतानी तिनं तो पिनांचा डबा अन् पकड माह्या हातात देल्ली. म्हने, घरात पाहवत नाही. डबा असा जड का मले वाटलं खाली आपटन. आता माह्या खाटेखाली हाय. पिना गंजून एकमेकींले चिकटल्या, हालवला तर वाजतबी नाही.

सदरात माल उतरवला का दुकानापुढं रिकामे खोके पडलेले राहतात. माह्ये बोटं आपोआपच त्याच्याकडं जातात. पकड कमरेले खोसलेलीच हाय. मी खोकं उकलतो, सपाट करतो, एकेक पिन काढतो. सेठ आतून वरडते, "काय करून राहिला बे गनपत?" मी म्हनतो, काही नाही सेठ. पिना खिशात टाकतो अन् खोकं तिथंच ठेवून देतो. न्यायचं कुठं?