चपलेवर घातलेला आळ

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लेकीला नाही, देवापुढं हात जोडताना मनातल्या मनातसुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. घर चाकूरला. साखर जुनी, पायांना काही कळायचंच नाही. चप्पल निसटून मागं राहायची आणि हे तसेच पुढं चालत जायचे. लातूरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं — रोज तळपाय बघा, बोटांच्या बेचक्या बघा, आणि गरम शेक अजिबात देऊ नका. भाजलं तरी ह्यांना कळणार नाही. मी मान हलवली होती. ऐकलं नव्हतं, असं कसं म्हणू?

हिवाळ्यातली सकाळ होती. ह्यांचे पाय गारठलेले लागले. मी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, पायांखाली ठेवली आणि भाकरी टाकायला गेले. विसरले. परत आले तर हे निवांत पेपर वाचत बसलेले. डाव्या अंगठ्याखाली हा एवढा फोड.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणाले.

मग काय केलं मी? रात्री हे झोपल्यावर सुईनं फोड फोडला, हळद भरली, वरून मोजा चढवला. दवाखान्यात नेलं तर विचारतील ना — शेकलं का? आठ दिवस गेले. वास यायला लागला. तेव्हा ह्यांनी मोजा काढून बघितला आणि घाबरून माझ्याकडं पाहिलं. धाकट्या भावजींनी नुकतीच ह्यांना चामड्याची चप्पल आणून दिली होती. मी म्हणाले, "नवी चप्पल चावली वाटतं."

इतकं सहज. विचारही करावा लागला नाही.

डॉक्टरांनी जखम बघून विचारलं, "भाजलं होतं का?" ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले — "न्हाई, चपलेचं हाय."

आधी अंगठा गेला. मग घोट्याच्या वरून पाय. ऑपरेशनच्या खोलीबाहेर भावजी भिंतीला टेकून रडत होते. "वैनी, म्या आणली ती चप्पल." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हो, मीच.

तीन वर्षांनी हे गेले. भावाला कधी शब्दानं बोलले नाहीत. पण त्यानं आणलेली कुठलीच वस्तू नंतर घरात ठेवू दिली नाही.

आता मलाही साखर आहे. रोज आरसा धरून तळपाय बघते. फोडाची भीती वाटतेच — पण भावजी दारात दिसले की त्याहून जास्त वाटते.

परवा ते आले. चहा घेतला. मग म्हणाले, "वैनी, मी दुकानदाराला मऊच दे म्हणलो व्हतो. ती चप्पल खरंच चावली व्हती का?"

मी त्यांच्या हातातली कपबशी घेतली.

"हाव," म्हणाले.