वगळलेले चार दिवस

कावळ्याला फौजदार हे नाव बाबांनी दिलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर उतरला की तो आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायचा, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायचा आणि मगच कामाला लागायचा. काम तसं सोपं होतं. त्यांची मुलगी तीन कप उपडे ठेवायची, त्याच्या देखत एकाखाली पावाचा तुकडा दडवायची आणि दहा मिनिटं सगळ्यावर पुठ्ठ्याचं खोकं झाकायची. तिने पडद्याआडून दोरीने खोकं वर ओढलं की फौजदाराने नेमका तो कप पाडायचा. रोज चार वेळा, असे चाळीस दिवस. दहापैकी नऊ वेळा फौजदार बरोबर निघायचा.

"माझे तीन चांगले कप गेले तुझ्या त्या कावळ्यापायी," आई म्हणायची. "आता निदान पास तरी हो."

नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. पक्ष्यांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या मॅडमकडे पुढच्या वर्षासाठी एकच जागा होती, आणि या प्रयोगावरचा निबंध बघून त्या ती जागा देणार होत्या. पहिला मसुदा वाचून त्या चक्क खूश झाल्या. "शनिवारी सकाळी येते तुमच्या घरी. मला बघायचाय हा तुझा कावळा," म्हणाल्या. मुलगी कॉलेजचे दोन जिने एका दमात उतरली.

हा आनंद गुरुवारी दुपारपर्यंत टिकला.

गुरुवारी ती निबंधातला पद्धतीचा भाग पक्का करत होती. 'ढगाळ हवेमुळे चार दिवसांच्या नोंदी वगळल्या आहेत' हे वाक्य मसुद्यात होतंच. नुसत्या तारखा घालायच्या म्हणून तिने वही उघडली. त्या चार दिवसांपैकी तिसऱ्या दिवसापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : कडक ऊन, खोकं तापलंय.

मग ढग आले कुठून? त्या चार दिवसांत फौजदार सोळा वेळा खेळला होता आणि पाच वेळाच बरोबर आला होता. डोळे मिटून कप पाडले असते तरी तेवढे आलेच असते. आकडे वाईट होते म्हणून तिने ते काढून टाकले होते, आणि ढग मागाहून आणले होते. वाक्य लिहिताना मात्र ते तिला अगदी खरं वाटलं होतं. आपण खोटं लिहिलं आणि आपल्यालाच पत्ता लागला नाही, याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्या चार दिवसांत वेगळं काय होतं? कावळा तोच, कप तेच, पावही त्याच बेकरीतला. ती स्वतः नेहमीसारखी पडद्याआड. पक्षी माणसाच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखतो म्हणून तिने नाकाचा शेंडासुद्धा कधी बाहेर दिसू दिला नव्हता. मसुद्यात तसं छातीठोकपणे लिहिलंही होतं : 'प्रयोगाच्या वेळी खोलीत दुसरे कोणीही नव्हते.'

तिने मान वर केली. समोर, खिडकीला लागून असलेल्या टेबलाशी, बाबा एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

बाबा तिथे असायचेच. तीस वर्षं त्या टेबलाशी बसून ते घड्याळं दुरुस्त करत आले होते, म्हणून तर तिने त्यांना मोजलं नव्हतं. आणि ते चार दिवस बाबा आत्याकडे गेले होते.

शुक्रवारी सकाळी तिने पडद्याच्या फटीतून कावळ्याऐवजी बाबांवर नजर ठेवली. कशाकडेही बारकाईने बघायचं म्हटलं की बाबांची मान कलायची, एक डोळा मिटायचा आणि श्वास थांबायचा. भिंग लावून लावून जडलेली सवय. दूध उतू जातंय का हेसुद्धा ते तसंच बघायचे. तुकडा दडवताना बाबांनीही पाहिला होता. तिने दोरीने खोकं ओढलं. बाबांची मान मधल्या कपाकडे कलली. फौजदाराने बाबांकडे बघितलं आणि मधला कप पाडला. चारही वेळा बाबांची मान कलली तोच कप पडला. दहा मिनिटं डोकं शिणवायची त्याला गरजच काय होती!

तिने बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस तो माझ्याकडे बघत होता?" बाबांचा चेहरा खुलला. "लबाड आहे की लेकाचा! मग अडचण काय? उद्या मी आहेच ना इथे."

"बाबा, ती फसवणूक होईल."

"फसवणूक कसली? मी का त्याला पढवलंय? मी आपला नुसता बसतो."

खरं म्हणजे तिला ते बोलणं पटायला लागलं होतं, आणि त्यानेच तिची घाबरगुंडी उडाली. सांगितलं तर जागा जाणार, आणि नाही सांगितलं तर आयुष्यभर कुणीतरी विचारेल म्हणून धास्ती.

शनिवारी मॅडम आल्या आणि आपली वही उघडून मुलीशेजारी पडद्याआड बसल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. पहिल्या वेळी फौजदार बरोबर.

"वा!" मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या वेळीही बरोबर. तिसऱ्या वेळी खोक्याखाली दहा मिनिटं भरत आली. आत्ता नाही बोलले तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे तिला कळलं.

"बाबा," ती पडद्याआडून म्हणाली, "जरा कपाटाकडे तोंड करून उभे राहता?"

बाबा क्षणभर पडद्याकडे बघत राहिले. मग उठले, कपाटाकडे वळले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

खोकं सरकलं. फौजदाराने बाबांच्या पाठीकडे बघितलं. एक फेरी मारली, पुन्हा बघितलं आणि कडेचा कप पाडला. रिकामा. चौथ्या वेळीही रिकामाच.

मॅडमचं लिहिणं थांबलं. "हे कधी कळलं तुला?"

"काल."

"आणि मसुद्यात ढगाळ हवा आहे."

"हो. ऊन होतं."

मॅडमनी वही मिटून पिशवीत टाकली आणि त्या निघाल्या. मुलगी मागोमाग जिना उतरली. खालच्या दारापाशी मॅडम थांबल्या. "जागेचं आत्ता काही सांगत नाही. सोमवारपर्यंत पुन्हा लिहून आण. वगळलेले दिवस आधी घे. आणि खोलीत कोण होतं, ते नीट लिही."

आवाजात राग होता की नव्हता, तिला काही केल्या ठरवता येईना. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत ती दारातच उभी राहिली, आणि मग निबंधाचं नवं वाक्य मनातल्या मनात जुळवत, ते खोडत, पुन्हा जुळवत जिना चढली.

फौजदार उडून गेला होता. तीन कप आडवे पडले होते. बाबा अजून कपाटाकडे तोंड करूनच उभे होते, हात पाठीमागे, मान ताठ.

"गेल्या का त्या?" त्यांनी न वळताच हळू आवाजात विचारलं. "माझ्यामुळे काही बिघडलं का गं? वळू का आता?"