घडी मोडणं

आमच्या क्लबने डोंगरावरच्या पाड्यात ब्लँकेटं वाटली. वाटप संपलं तशी एक म्हातारी म्हणाली, “बसा, चहा टाकते.” आम्ही सगळे एकदमच “नको, नको, उशीर होतोय” म्हणालो. तिला त्रास नको, एवढाच विचार. पण क्लबच्या एक्स्चेंजमधून वर्षभरासाठी माझ्या घरी राहायला आलेली डेन्मार्कची आना “हो” म्हणून मोकळी झाली. आपलं हे नको-नको तिला अजून जमत नाही.

म्हातारीने मघाचंच ब्लँकेट पिशवीतून काढलं आणि ओटीवर अंथरलं.

“अहो आजी, नवं आहे, मळेल,” मी म्हणाले.

“मळू दे की. घडी पावण्यांनीच मोडायची.”

आमच्याकडेही नवी साडी आधी नणंदेला नेसायला देतात, घडी मोडायला. तिने नेसून परत दिली की मगच ती खरी आपली वाटते. असं का होतं, हे मला कधी कळलेलं नाही. या ब्लँकेटचंही तसंच असेल का? मघाशी फोटोसाठी तिच्या हातात दिलं, तेव्हा ते बहुतेक अजून आमचंच होतं.

आना केव्हाच मांडी घालून बसली होती. मी चपला काढल्या.